खोडलेल्या ओळी

१

कार्यक्रम रविवारी दुपारी दोनचा असला, की कुरामोची तेइजी सव्वा वाजताच सातव्या रांगेतल्या कडेपासून चौथ्या खुर्चीवर बसलेले असत. लवकर येण्याचं कारण संगीत नव्हतं. लोक कसे वागतात ते पहिल्यापासून पाहता यावं, म्हणून ते लवकर येत.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीसाचं काम केलं होतं. खोट काढायचा पगार घेतला, सुटीच्या दिवशी तेच काम फुकटात केलं आणि निवृत्तीनंतरही चालू ठेवलं. शाळेच्या बँडचा कार्यक्रम असो, बायकांचं समूहगान असो, की गावच्या हौशी वाद्यवृंदाची वर्षातली तीन वादनं असोत, तेइजी हजर. आणि दर वेळी वैतागूनच घरी येत.

जूनच्या वादनात तर कहर झाला. संथ भाग चालू असताना पुढच्या बाईंनी खोकल्याची गोळी शोधायला प्लॅस्टिकची पिशवी उघडली. हळू उघडली, म्हणजे आवाज कमी होईल असं बिचारीला वाटलं, आणि तो आवाज दोन मिनिटं पुरला. डावीकडचे गृहस्थ झोपले. आणि शेवटी, ज्याची भीती तेच झालं. शेवटचा सूर अजून छतापर्यंत पोचलाही नव्हता तोच मागून कुणीतरी टाळ्या पिटायला लागला.

"चार सेकंद," तेइजी स्वतःशीच म्हणाले. "सूर विरायला चार सेकंद लागतात. तेवढा दम धरवत नाही लेकाच्यांना!"

मग त्यांनी अभिप्रायाचा कागद काढला. कार्यक्रमपत्रिकेबरोबर सगळ्यांनाच तो मिळायचा, सोबत बोटभर लांबीची पेन्सिल. वय काय, कोणाबरोबर आलात, काय आवडलं, आणि खाली मोकळी जागा. 'कोणाबरोबर आलात' या प्रश्नाला तेइजी नेहमी 'एकटा' या शब्दाभोवती गोल काढत. त्यांची बायको सावाको त्याच वाद्यवृंदात एकोणतीस वर्षं ओबो वाजवत होती, पण ती मंचावर असायची, तेव्हा ती धरायची नाही असा त्यांचा हिशोब. मोकळी जागा त्यांना पुरत नसे. ते मागच्या बाजूलाही लिहीत.

२

ओबो म्हणजे सनईची परदेशी मावसबहीण. दिसायला बारीक, स्वभावाला तिखट. वादनाआधी ओबोवालीनं एक लांब सूर द्यायचा आणि बाकी पन्नास जणांनी त्यावर आपापलं वाद्य लावून घ्यायचं, असा रिवाज आहे. गेली बारा वर्षं तो सूर सावाको देत होती.

वादन झालं, की अभिप्रायांचा गठ्ठाही तिच्याच गळ्यात पडायचा. घरी आणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची, जवाचा चहा घ्यायची आणि खोडरबर हातात धरून बसायची. सभासदांकडे कागद जाण्याआधी त्यातलं मनाला लागेल असं काही असेल, तर ते ती पुसून टाकायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच लावून घेतलेलं काम.

खसखस, खसखस. तेइजींना तो आवाज डोक्यात जायचा.

"माझाच कागद पुसतेयस ना?"

"दुसऱ्या कुणाचा असणार? 'हॉर्नवाल्यांनी घरी बसून भाजी चिरावी.' हे लिहायचं असतं का?"

"चूक आहे का त्यात काही?"

"पोरं नोकऱ्या सांभाळून वाजवतात हो. असलं वाचलं की पुढच्या तालमीला येत नाहीत."

"म्हणजे माझं लिहिलेलं कुणी वाचतच नाही!"

"मी वाचते की," सावाको म्हणाली. मग एक कागद उचलून हसली. "पण या वेळी तुम्हाला जोडीदार मिळाला. यानंही भरभरून लिहिलंय."

तेइजींनी कागद ओढून घेतला. अक्षर भयंकर होतं. प्रत्येक अक्षर डावीकडे कललेलं, ओळी खाली घसरत गेलेल्या. मजकूर तर त्याहून वाईट. मोठे नगारे लाल चष्म्याच्या एका तरुण मुलीनं वाजवले म्हणे. पितळी हॉर्न दुसऱ्या भागात एक मात्रा आधी घुसले. मधेच मंचाच्या उजवीकडचा दिवा गेला.

"हा माणूस आलाच नव्हता!" तेइजी ताडकन म्हणाले. "नगाऱ्यांवर याताबे-सान होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चष्मासुद्धा काळा. दिवा कुठे गेला? तपासणीत असा माल आला असता ना, तर मी पेटीसकट परत पाठवला असता."

"शेवटची ओळ वाचा."

शेवटी लिहिलं होतं: 'ओबोवाल्या बाईंचा सूर ऐकला, आणि लगेच घरी जावंसं वाटलं. घरी कुणी वाट पाहत असल्यासारखा सूर आहे त्यांचा.' आणि वर 'कुटुंबासोबत' या शब्दाभोवती वेडावाकडा गोल होता.

सावाकोनं तो कागद फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला. तेइजींना ते आवडलं नाही. एकोणतीस वर्षांत त्यांनी ओबोबद्दल एकदाच लिहिलं होतं, 'ठीक' म्हणून. आणि त्यांच्या मते ते भरपूर होतं.

३

नोव्हेंबरचं वादन सुरू झालं आणि तेइजींच्या लक्षात आलं, की नगाऱ्यांमागे याताबे-सान नाहीत. कमरेत उसण भरली म्हणून त्यांच्या जागी एक मुलगी उभी होती. तिचा चष्मा लाल होता.

'असतात लाल चष्मे,' त्यांनी स्वतःला समजावलं. 'सध्या फॅशन आहे.'

दुसऱ्या भागात हॉर्न एक मात्रा आधी घुसले. त्याचंही काही नाही, हॉर्न घुसतातच. पण तेइजी वादन ऐकायचं सोडून उजवीकडच्या दिव्याकडे पाहत बसले. दिवा जळत होता. बराच वेळ जळत होता. पुढच्या बाईंनी पुन्हा पिशवी काढली, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. आपण काय हा मूर्खपणा चालवलाय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याच क्षणी दिवा दोनदा लुकलुकून विझला.

कुणी फारसं बघितलंही नाही. सावाकोनं मान किंचित वळवली आणि वाजवत राहिली.

वादन संपल्यावर तेइजी आपला कागद न भरताच दाराशी, कागद टाकायच्या पेटीजवळ जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाचं अक्षर ते डोकावून पाहत होते. एका आजोबांनी कागद छातीशी धरला आणि विचारलं, "काय हो, परीक्षा आहे का?" शेवटचा माणूस गेला. कललेल्या अक्षराचा एकही कागद त्यांना दिसला नव्हता. मग त्यांनी घाईघाईत स्वतःचा भरला, तोही एकाच बाजूनं.

त्या संध्याकाळी ते फ्रिजवरचा कागद काढून सावाकोसमोर घेऊन बसले.

"अहो, हॉर्नवाले लवकर येणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?" ती म्हणाली. "आणि त्या सभागृहाचे दिवे माझ्याहून म्हातारे आहेत."

"आणि लाल चष्मा?"

"तालमींना येत असेल कुणी. उगाच डोकं शिणवू नका." खसखस, खसखस. "हे बघा, परत आलाय तुमचा जोडीदार."

तेच अक्षर. तेइजींनी उठून उभ्याउभ्याच वाचलं.

'एकटा' याभोवती गोल. मग: 'सुरुवातीची रचना दिवंगत सभासदाच्या स्मरणार्थ होती. टाळ्या वाजवू नयेत अशी विनंती होती. तरीही सातव्या रांगेतला एक म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. टाळीही धड नाही, लाकडावर लाकूड आपटल्यासारखी. लोक वळून पाहत होते तरी थांबेना. वाद्यं लावायचा सूर आज दुसऱ्या कुणी दिला. चुकला नाही तो. पण ओबोवाल्या बाईंचा नव्हता.'

"म्हणजे मारलंच की हो मला यानं!" सावाको खळखळून हसली. "बघा, तरी आठवण काढतोय."

त्याखालच्या दोन-तीन ओळी पुसलेल्या होत्या. इतक्या जोरानं, की कागद तिथे पातळ झाला होता.

"इथे काय होतं?"

"काही नाही. माझ्या ओबोबद्दल कुणीतरी आगाऊपणानं हुकूम सोडले होते. पुसले."

"हुकूम? कसले?"

"मनाला लागेल असं होतं म्हणून तर पुसलं ना? आता परत सांगायचं कशाला?"

ती निजल्यावर तेइजींनी तो कागद दिव्याखाली आडवा धरून पाहिला. पेन्सिलीचे वळ जवळजवळ उरलेच नव्हते. एकच शब्द लागला. 'नकोस.'

४

हिवाळाभर तेइजींनी बायकोला छळलं. दुसरा शब्द नाही.

त्यांनी तिला तोयामा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. रक्त, हृदय, फुप्फुसं, डोकं, सगळं तपासलं. सगळं ठणठणीत निघालं. तेइजींनी डॉक्टरांना विचारलं, "नीट पाहिलंत ना?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचाच रक्तदाब बघू या का?" सावाको बाहेर येईपर्यंत हसत होती.

पण ती तालमीला निघाली, की ते दारात आडवे येत. रस्ता निसरडा आहे. थंडी बाधेल. एवढा जोर लावून फुंकायचं हे वय नाही. मार्चच्या वादनाला जाऊ नकोस. मग, वाद्यवृंदच सोड.

जानेवारीच्या शेवटी एकदा तिचा तोल गेला.

"एका फालतू कागदावरून?"

"त्यात लिहिलेलं सगळं खरं झालं, सावाको!"

"तुम्हाला माझी काळजी नाही. तुम्हाला त्या माणसाचा मत्सर वाटतो. त्यानं एका ओळीत लिहिलं ते तुम्हाला एकोणतीस वर्षांत सुचलं नाही. एकदा तरी म्हणालात, बरं वाजवलंस म्हणून?"

तेइजींना म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांशी आले होते. पण भांडणात हरल्यावर कौतुक करायचं म्हणजे तडजोडीचा माल पुढे सोडल्यासारखं झालं असतं, आणि तशी त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "ओबो नसला तर जाशील कशी, बघतोच."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेलेली असताना त्यांनी ओबोची पेटी उचलली आणि घरामागच्या कोठीत, बागेच्या हत्यारांमागे ठेवली. मार्चचं वादन होऊन जाऊ दे, मग देऊ परत. ती रागावेल, महिनाभर बोलणार नाही. पण रागावायला ती असेल तरी.

ती खरंच बोलली नाही. घरभर मात्र शोधत राहिली. कपाटं उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज त्यांना दिवसभर येत.

५

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी ऊन पडलं. छपरांवरचं बर्फ सुटायला लागलं होतं. बायकांच्या समूहगानाचा कार्यक्रम होता, तो ऐकायला तेइजी गेले. चारपर्यंत येतो असं त्यांनी बंद दाराला सांगितलं.

कार्यक्रम रटाळ झाला. दुसऱ्या ओळीतल्या दोघी सतत एकमेकींकडे पाहत होत्या, आणि पियानोवाली पानं उलटताना दर वेळी गडबडत होती. तेइजींनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. वीस मिनिटं लागली. त्यांना ते नीट आठवत होतं, कारण नंतर त्यांनी ती वीस मिनिटं पुष्कळदा मोजली.

घरी आले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मागचं दार उघडं होतं. कोठीच्या वरचं छप्पर एका बाजूनं कोरडं, काळं दिसत होतं, आणि त्यावरचं सगळं बर्फ खाली, कोठीच्या दारासमोर, छातीइतक्या ढिगात पडलेलं होतं. ढिगातून ओबोच्या पेटीचं टोक बाहेर आलं होतं.

फावडं कोठीत होतं. तेइजींनी हातांनीच उकरलं. उजवं मनगट कधी मोडलं ते त्यांना कळलं नाही, शेजारचे लोक येऊन त्यांना बाजूला ओढेपर्यंत ते त्याच हातानं उकरत होते. नंतर कुणीतरी म्हणालं, की बर्फ पडून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ झालेला नसावा. ते सांगायला नको होतं. पण लोकांना कुठे काय बोलावं ते कळत नाही, हे तेइजी आयुष्यभर म्हणतच आले होते.

६

मार्चच्या वादनाला येऊ नका, असं वाद्यवृंदाच्या लोकांनी त्यांना हळूच सुचवलं. ते सव्वा वाजता जाऊन सातव्या रांगेत बसले. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

एक तरुण मुलगा ओबो घेऊन उभा राहिला आणि त्यानं सूर दिला. चुकला नाही. पन्नास वाद्यं त्यावर लागली. मग निवेदिका म्हणाली, की पहिली रचना दिवंगत सभासद कुरामोची सावाको यांच्या स्मरणार्थ आहे, तरी श्रोत्यांनी कृपया टाळ्या वाजवू नयेत.

रचना छोटी होती. शेवटचा सूर वर गेला. तेइजींनी सवयीनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. सूर विरला आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. पिशवीवाल्या बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अशी शांतता मिळावी म्हणून त्यांनी तीस वर्षं कागद भरले होते. आज ती मिळाली होती, आणि त्यांना ती सहन होईना. सावाकोसाठी या एवढ्या माणसांतला एकही जण टाळी वाजवत नव्हता.

त्यांनी टाळी वाजवली. डावा तळवा प्लास्टरवर पडला. ठक. ठक. ठक.

लोक वळून पाहायला लागले. रागानं नव्हे, तेच वाईट होतं. तेइजींना स्वतःच्या टाळीचा आवाज ऐकू येत होता, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. हे आपण कुठे वाचलंय ते त्यांना तेव्हा आठवलं. हात थांबवायला हवेत हे कळत होतं. थांबेनात.

वादन संपलं, लोक गेले. ते बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी अभिप्रायाचा कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिल डाव्या हातात धरली. अक्षरं डावीकडे कलली. ओळी खाली घसरल्या. ते अक्षर पाहून त्यांना दचकायलाही झालं नाही. संतापच आला, स्वतःचा, की एवढी वर्षं माल तपासला आणि स्वतःचा हात ओळखता आला नाही.

'एकटा' याभोवती गोल काढून त्यांनी जे घडलं ते लिहिलं. शब्द शोधावे लागले नाहीत. मग खाली, पेन्सिल रुतेल इतका जोर देऊन लिहिलं: 'तेइजी, ओबो कोठीत ठेवू नकोस. कोठीच्या दारावर बर्फ पडतं. समूहगानाला जाऊ नकोस. घरी थांब.'

असं काही नसतं, हे त्यांना माहीत होतं. कागद पेटीत पडतो, पेटीतून गठ्ठ्यात जातो, पुढे जातो, मागे जात नाही. तरी ते उठले आणि दाराशी जाऊन त्यांनी कागद पेटीत टाकला. दालनात कुणी नव्हतं. आत मंचावर लाल चष्म्याची मुलगी नगाऱ्यांवर कापड घालत होती.

पेटीतून आवाज आला. खसखस, खसखस.

तेइजींनी कान लावला. घाई नव्हती त्या आवाजाला. एक ओळ, मग थोडं थांबून दुसरी. मग फुंकर मारून कागदावरचा चुरा उडवल्यासारखं काहीतरी. दर वादनानंतर टेबलापलीकडून यायचा तसाच.

"सावाको, पुसू नकोस गं," ते पेटीला म्हणाले. "या वेळी नको. हे मी खवचटपणानं नाही लिहिलेलं."

खसखस, खसखस.

"ऐक ना जरा माझं! कधीतरी ऐक!"

आवाज थांबला तेव्हा त्यांनी पेटी उघडून पाहिली. कुलूप नव्हतंच. आत वरच्या थरात पिशवीवाल्या बाईंचा कागद होता, शाळकरी मुलींचे होते. त्यांचा नव्हता. पेटीच्या तळाशी रबराचा करडा चुरा होता.

मुलगी दाराशी आली. "कुरामोची-सान, अजून इथेच? काही हवंय का?"

"एक कोरा कागद दे," तेइजी म्हणाले.

तिनं दिला. त्यांनी तो भिंतीवर धरला आणि नोव्हेंबरबद्दल लिहिलं. लाल चष्म्याच्या या मुलीबद्दल, हॉर्नबद्दल, विझलेल्या दिव्याबद्दल. एवढंच, की सावाकोला तो कागद खरा वाटावा. सावध करणारा एकही शब्द त्यांनी घातला नाही. तो राहणार नव्हता. मग शेवटची ओळ लिहिली, जी फ्रिजच्या दारावर नऊ महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि रोज त्यांचं डोकं उठवत होती. घरी कुणी वाट पाहत असल्यासारखा सूर आहे त्यांचा.

वर, 'कोणाबरोबर आलात' याखाली, त्यांनी 'कुटुंबासोबत' या शब्दाभोवती गोल काढला. डाव्या हातानं तो वाकडा आला.

कागद त्यांनी पेटीत टाकला आणि कान लावून उभे राहिले. बराच वेळ थांबले. या वेळी आतून आवाज आला नाही.